इटलीच्या फसफसत्या वाइन आणि त्यांच्या ताटातलं खाणं

सांजवारा

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी "प्रोसेको म्हणजे गरिबांची शॅम्पेन" असं लिहून गेलं आणि खाली भराभर +१ पडले. तिथेच वाद घातला असता तर त्या बिचाऱ्या केकच्या धाग्याचं काश्मीर झालं असतं. म्हणून हा वेगळा धागा.

मी व्हेनिसजवळ पादोव्हाला राहते. इथे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भाजीबाजाराच्या चौकात गेलात तर निम्म्या लोकांच्या हातात केशरी ग्लास दिसेल. तो स्प्रित्झ. तीन भाग प्रोसेको, दोन भाग आपेरोल, एक भाग सोडा, बर्फ आणि संत्र्याची चकती. आपेरोल हे कडसर लिकर ह्याच गावचं. बार्बिएरी बंधूंनी ते १९१९ साली इथल्या व्यापारी प्रदर्शनात पहिल्यांदा मांडलं. ग्लास धरून उभ्या असलेल्यांपैकी कुणाचा वाढदिवस नसतो, कुणाला बढती मिळालेली नसते. ऑफिस सुटलेलं असतं, जेवायला अजून अवकाश असतो, मधल्या वेळात चार माणसं भेटतात. चिप्स, ऑलिव्ह, शेंगदाणे दुकानदार न मागता आणून ठेवतो. शॅम्पेन उघडायला काहीतरी निमित्त लागतं, प्रोसेकोला मंगळवार असला तरी पुरतं.

स्प्रित्झची मूळ गोष्ट ऑस्ट्रियन अमलातली. एकोणिसाव्या शतकात व्हेनेतो, म्हणजे आमचा हा प्रांत, ऑस्ट्रियाच्या हाप्सबुर्ग राजघराण्याच्या ताब्यात होता. त्या लोकांना इथली वाइन जड वाटायची, म्हणून ते तिच्यात पाणी घालून घेत. पाण्याची जागा सोड्यानं घेतली, पुढे त्यात कडसर लिकर आलं. वाइनचे बुडबुडे तर त्याहून उशिरा आले. व्हेनिसवाले आजही आपेरोलऐवजी सेलेक्ट नावाचं लिकर घालतात आणि आमच्या केशरी ग्लासाकडे जरा नाक मुरडूनच बघतात.

व्हेनिसमध्ये ह्याच वेळेला लोक बाकारोत शिरतात. बाकारो म्हणजे उभ्यानं खायची-प्यायची अरुंद जागा. काचेच्या कपाटात चिकेत्ती, म्हणजे एकेका घासाचे छोटे पदार्थ, मांडलेले असतात. सुकवलेला कॉड भिजवून, शिजवून, तेल घालून लोण्यासारखा घोटतात आणि पोलेंताच्या (मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या) तुकड्यावर देतात, तो बाकाला मांतेकातो. तळलेल्या तारल्यांवर व्हिनेगरमध्ये शिजवलेला भरपूर कांदा, मनुका आणि चिलगोजे घालून मुरवतात, ते सार्दे इन साओर. तेल, मीठ, आंबट-गोड, सगळं एका घासात. वर प्रोसेकोचा घोट घेतला की तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा तुकडा उचलावासा वाटतो. ह्या वाइनकडे मोठी खोली नाही, हे मला मान्य आहे. पण ह्या खाण्यापुढे खोल वाइन ठेवली तर ती वाया जाईल.

बाकी प्रदेशांतले बुडबुडे मी अधूनमधून प्यायले तरी तिथे राहिलेले नाही. तिथल्या लोकांनी लिहावं.

तिखटमीठ

छान लिहिलंय. दोन बाळबोध प्रश्न. शॅम्पेन आणि प्रोसेकोत नेमका फरक काय? आणि बाटलीवर "एक्स्ट्रा ड्राय" लिहिलेली वाइन चक्क गोडसर कशी लागते?

किण्वन_काका

तिखटमीठ, प्रश्न बाळबोध नाहीत. निवृत्तीनंतर मला असे प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती पुन्हा आंबवायची आणि गॅस बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तत्त्व. शॅम्पेनमध्ये हे दुसरं किण्वन प्रत्येक बाटलीत होतं. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं आणि वाइन महिनोन्‌महिने, कधी अनेक वर्षं, त्या गाळावर ठेवतात. त्यातून भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो. मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची, गाळाचा गोळा उडवून टाकायचा. खर्चिक काम आहे.

प्रोसेकोत दुसरं किण्वन बाटलीत न करता दाब सहन करणाऱ्या मोठ्या पोलादी टाकीत करतात. ही कल्पना इटालियन. आस्ती इथल्या फेदेरिको मार्तिनोत्तींनी १८९५ साली तिचं पेटंट घेतलं. १९०७ मध्ये फ्रेंच माणसानं, युजीन शार्मानं, ती सुधारली आणि जगभर त्याचंच नाव झालं. इटलीत अजून लोक आग्रहानं मार्तिनोत्ती पद्धत म्हणतात. रास्त आहे.

टाकी स्वस्त पडते हे खरं, पण ती वापरण्याचं तेवढं एकच कारण नाही. प्रोसेकोचं द्राक्ष ग्लेरा. त्याचा जीव म्हणजे हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरी फुलं असा हलका वास. तो वर्षानुवर्षं यीस्टच्या गाळावर ठेवला तर पावाच्या वासाखाली दबून जाईल. टाकीत महिना-दोन महिन्यांत काम उरकतं, गाळून दाबाखालीच बाटलीत भरतात आणि फुलांचा वास शाबूत राहतो.

आता गोडी. युरोपीय नियमांप्रमाणे लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ब्रुत. १२ ते १७ असेल तर एक्स्ट्रा ड्राय. १७ ते ३२ असेल तर ड्राय. म्हणजे ड्राय लिहिलेली बाटली तिघींत सगळ्यात गोड. हे शब्द ठरले तेव्हा लोक आजच्यापेक्षा कितीतरी गोड शॅम्पेन पीत, त्या मानानं ही कोरडी. लेबलं तशीच राहिली. कमी गोड हवी असेल तर डोळे मिटून ब्रुत घ्या, त्याहून कमी हवी तर एक्स्ट्रा ब्रुत.

रच्याकने, स्पुमांते आणि फ्रिद्झांते हाही फरक बघा. स्पुमांतेमध्ये दाब तीन बारच्या वर, तिला तारेनं बांधलेलं फुगीर बूच. फ्रिद्झांतेमध्ये दाब अडीचपर्यंतच, बुडबुडे सौम्य. तिची बाटली पुष्कळदा साध्या बुचाची आणि दोऱ्यानं बांधलेली असते.

अडाणी_रसिक

माहिती उत्तम. पण मला ह्यात संस्कृती कमी आणि मार्केटिंग जास्त दिसतं. टाकी १८९५ नंतरची, केशरी स्प्रित्झ त्याच्याही नंतरचा. आणि प्रोसेको हे आधी द्राक्षाचं नाव होतं ना? २००९ मध्ये रातोरात द्राक्षाचं नाव ग्लेरा केलं आणि प्रोसेको हा प्रदेश ठरवला. कशासाठी, तर दुसऱ्या कुणाला ते नाव वापरता येऊ नये. ह्याला परंपरा म्हणायचं?

सांजवारा

अडाणी_रसिक, २००९ बद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. द्राक्षाच्या जातीच्या नावावर कुणाची मालकी नसते, गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळतं. प्रोसेको नावाचं गाव आहे, पण ते त्रिएस्तेजवळ, म्हणजे मुख्य द्राक्षबागांपासून बरंच पूर्वेला. ते नकाशात बसवायचं म्हणून प्रोसेको डीओसीची (डीओसी म्हणजे ठरलेल्या प्रदेशाला बांधलेलं, कायद्यानं राखलेलं नाव) हद्द व्हेनेतोपासून थेट शेजारच्या फ्रिउली व्हेनेत्सिया जुलिया प्रांतापर्यंत ताणली. एकूण नऊ जिल्हे. त्यानंतर उत्पादन जे वाढलं ते आता वर्षाला ६० कोटी बाटल्यांच्या वर गेलंय. क्रोएशियाच्या प्रोशेक नावाच्या गोड, बुडबुडे नसलेल्या वाइनलाही इटलीनं युरोपीय संघात विरोध केला. नाव सारखं वाटतं एवढ्यावरून. त्या भांडणात माझी सहानुभूती क्रोएशियाकडे आहे, पण हे इथल्या बाकारोत बोलायची माझी हिंमत नाही.

पण ह्या सगळ्या गदारोळात मूळ जागा हरवू नये. त्रेव्हिझो जिल्ह्यात कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने ह्या दोन गावांमधल्या टेकड्या, तिथलं हे पीक. त्यांना २००९ पासून वेगळा, वरचा डीओसीजी दर्जा आहे आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. चढ इतका की दगडी बांध न घालता गवताचेच बांध राखून पायऱ्या केल्यात. त्यांना चिल्योनी म्हणतात. यंत्र चालत नाही. छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हातानं. सपाट भागात हेक्टरी १८ टन द्राक्षं घ्यायची मुभा आहे, टेकड्यांवर साडेतेरा आणि कार्तित्सेच्या उतारावर १२. कार्तित्से म्हणजे जेमतेम १०७ हेक्टरांचा तुकडा आणि त्याचे मालक शंभराच्या वर. एकाच नावाखाली सुपरमार्केटची ढिगातली बाटलीही येते आणि ही टेकडीवरचीही. राग यायचा तर ह्याचा यावा.

आणि कोनेल्यानोत वाइनशास्त्राची शाळा १८७६ पासून आहे, इटलीतली पहिली. ती काढण्यात आंतोनियो कार्पेनेंचा मोठा वाटा. ग्लेराची फसफसणारी वाइन करायचा उद्योगही त्यांनीच उभा केला. तेव्हा सगळं परवा-परवाचं नाही.

किण्वन_काका

एक पुरवणी. टाकी येण्यापूर्वीही त्या टेकड्यांवर बुडबुडे होतेच, अपघाताने. हिवाळ्यात थंडीनं किण्वन अर्धवट थांबायचं, थोडी साखर उरायची. वसंतात वाइन बाटलीत भरली की ऊब लागून यीस्ट जागं व्हायचं. गाळ काढायची भानगड नाही, तो तळाशी तसाच. ह्याला कोल फोंदो म्हणतात, तळाच्या गाळासकट. गढूळ, पूर्ण कोरडी, किंचित ताकासारखी आंबूस. शेतकरी घरी हीच पीत. आता तरुण उत्पादक ती पुन्हा करू लागलेत आणि डीओसीजीच्या नियमांतही तिला जागा मिळालीय. अडाणी_रसिक, परंपराच हवी असेल तर ही मागा. मात्र पाहुण्यांना देण्याआधी सांगा, नाहीतर खराब झालीय म्हणून ओतून देतील.

ब्रेशावाली

माझ्या नावावरून कळलं असेलच, मी फ्रांचाकोर्तावाली.

इथे प्रोसेकोचं नाव काढलं की लोक हसतात, वाईट अर्थानं नव्हे, पण हसतात. इझेओ तलावाच्या दक्षिणेला ब्रेशा जिल्ह्यातला हा छोटा टापू. पद्धत बाटलीतली, द्राक्षं शार्दोने, पिनो नेरो, पिनो बियांको आणि अलीकडे थोडं एर्बामात नावाचं जुनं स्थानिक द्राक्ष. त्याची आंबट धार तापत्या उन्हाळ्यात कामी येते. अडाणी_रसिक ह्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे इथली "परंपरा" १९६१ ची आहे. गुइदो बेर्लुक्की ह्या जमीनदाराला आपली साधी पांढरी वाइन सुधारायची होती, म्हणून त्यानं फ्रांको झिलियानी ह्या तरुण वाइनतज्ज्ञाला बोलावलं. झिलियानीनं सांगितलं, फ्रेंचांसारखी फसफसणारी करून बघू. पहिल्या खेपेला ३००० बाटल्या झाल्या. १९६७ मध्ये डीओसी, १९९५ मध्ये डीओसीजी.

नियम कडक आहेत. साधी फ्रांचाकोर्ता गाळावर किमान १८ महिने, एकाच वर्षाच्या द्राक्षांची ३० महिने, रिझेर्व्हा ६० महिने. सातेन हा खास इथला प्रकार. फक्त पांढरी द्राक्षं आणि दाब पाच बारच्या आत, त्यामुळे तोंडात फेस टोचत नाही.

खाण्याचं बोलायचं तर इथला तलाव आधी येतो. मोन्ते इझोला बेटावर तलावातली चांदेरी मासळी मीठ लावून उन्हात वाळवतात, मग तेलात मुरवतात आणि निखाऱ्यावर गरम करून पोलेंतासोबत देतात. वासावरून आमच्या सासूबाईंना रत्नागिरी आठवली. क्लुझाने गावात तलावातला टेंच मासा ब्रेडचा चुरा, चीज आणि भरपूर लोणी घालून भट्टीत भाजतात. असल्या लोण्यात माखलेल्या खाण्यावर अठरा-वीस महिने गाळावर राहिलेली वाइनच टिकते. हलका प्रोसेको तिथे वाहून जाईल. सांजवारा, हे टोमणा म्हणून नाही, तुमचाच मुद्दा पुढे नेतेय.

त्रेंतोबद्दल कुणी लिहिणार आहे का? नसेल तर दोन ओळी. जुलियो फेर्रारी शॅम्पेन बघून आले आणि १९०२ मध्ये त्यांनी डोंगराळ त्रेंतोत शार्दोने लावून तशीच वाइन सुरू केली. तेव्हा त्रेंतो ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं. १९५२ मध्ये गावातल्या ब्रुनो लुनेल्ली ह्या वाइन दुकानदारानं तो व्यवसाय विकत घेतला. गाडीच्या फेरारीशी ह्यांचं काही नातं नाही. २०२१ ते २०२४ ह्या काळात फॉर्म्युला वनच्या विजेत्यांनी एकमेकांवर उडवली ती ह्यांचीच, त्यामुळे गोंधळात भरच पडली.

पणजीकर_बाय

वाचतेय. चांगली वाइन अंगावर उडवतात ते मला कधी झेपलेलं नाही. लाल फसफसणारी पण असते ना इटलीत? गोव्यात एका लग्नात प्यायले होते, गोड गोड होती.

मोदेना_मुक्काम

पणजीकर_बाय, धन्यवाद, ह्याच वाक्याची वाट बघत होतो. ती लांब्रुस्को. आणि "गोड गोड" हा तिच्यावरचा जुना डाग आहे.

१९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत रिऊनिते नावाची गोड लांब्रुस्को अफाट खपली. कित्येक वर्षं तिथे आयात होणाऱ्या वाइनमध्ये ती पहिली होती. जाहिरातीत ती बर्फ घालून प्यायला सांगत. त्यातून जगानं एक समज करून घेतला, लांब्रुस्को म्हणजे दारूचं कोल्ड्रिंक. जाणकार माणसं तिच्याकडे बघेनात. इथे मोदेना आणि रेज्जो एमिलियात मात्र घरोघरी जेवणाच्या टेबलावर जी असते ती कोरडी असते, आणि ती कधी बंदच झाली नव्हती.

लांब्रुस्को हे एक द्राक्ष नाही, कुटुंब आहे. तिघांची नावं लक्षात ठेवा. सोर्बारा: फिकी, गुलाबी, इतकी आंबट की पहिल्या घोटाला डोळे मिटतात. ग्रास्पारोस्सा: दाट जांभळी, फेससुद्धा जांभळा, तुरटपणा भरपूर. सालामिनो: दोघींच्या मधली, घडाचा आकार छोट्या सलामीसारखा म्हणून हे नाव. सोर्बाराचं एक गमतीशीर दुखणं आहे. तिच्या फुलातले पराग वांझ असतात, एकटी लावली तर फळच धरत नाही. म्हणून बागेत सालामिनोच्या ओळी लावाव्या लागतात. तरीही काही फुलं गळतात, घड विरळ राहतो, आणि त्यामुळेच रस दाट होतो असं इथले शेतकरी मानतात.

आता हे लाल बुडबुडे कशासाठी, हे एमिलियाचं, म्हणजे आमच्या ह्या भागाचं, ताट बघितल्याशिवाय कळत नाही. हा डुकराच्या मांसाचा आणि चीजचा मुलूख. मोर्तादेल्ला, पार्माचं प्रोशुत्तो, पार्मिज्यानो. मोदेनाचा झाम्पोने म्हणजे डुकराच्या पायात मसाल्याचा खिमा भरून तासन्‌तास उकडलेला. न्योक्को फ्रित्तो म्हणजे पिठाचे चौकोन चरबीत तळून फुगवलेले, त्यावर सलामीचे पातळ काप टाकायचे की ते उष्णतेनं वितळायला लागतात. तिजेल्ले नावाच्या छोट्या भाकऱ्यांना आतून चरबी, लसूण आणि रोजमेरीचं वाटण फासतात. वजन बघा ह्या जेवणाचं! साधी लाल वाइन दोन ग्लासांत तुम्हाला झोपवेल. लांब्रुस्को थंडगार, अकराएक टक्के अल्कोहोल, आंबट, फेसाळ. प्रत्येक घासानंतर जिभेवरची चरबी खरवडून काढते.

मांतोव्हाच्या बाजूला ह्याच्याही पुढे जातात. आन्योलीनी ह्या भरलेल्या छोट्या पास्त्याच्या गरम रश्श्यात थेट लांब्रुस्को ओततात आणि वाडगा तोंडाला लावून पितात. बेव्हर इन व्हीन म्हणतात त्याला. थंडीत म्हाताऱ्या लोकांना हे करताना बघायला मिळतं. रंग भयानक होतो. चव मात्र बेष्ट!

पणजीकर_बाय

म्हणजे आमच्या सोलकढीचं काम! तळलेल्या बांगड्यानंतर वाटीभर. आता शोधून कोरडी आणते. लेबलवर काय बघू?

मोदेना_मुक्काम

सेक्को लिहिलेलं बघा. आमाबिले किंवा दोल्चे असेल तर गोड. पांढऱ्या वाइनसारखी थंड करा आणि फार दिवस ठेवू नका, ही म्हातारी करायची वाइन नव्हे. तळलेल्या मासळीला सोर्बारा द्या. ग्रास्पारोस्साचा तुरटपणा माशाबरोबर लोखंडासारखा लागतो.

अडाणी_रसिक

लांब्रुस्कोसमोर मी शस्त्रं खाली ठेवतो. पण प्रोसेकोबद्दल एक राहिलंच. टेकड्यांवर जिकडे तिकडे एकच पीक, फवारणीचे ढग, जंगल तोडून नव्या बागा. तिथल्या रहिवाशांनी मोर्चे काढल्याचं वाचलंय. युनेस्कोच्या फलकावर हे येत नाही.

सांजवारा

येत नाही, खरं आहे. शाळेच्या कुंपणाला लागून फवारणी होते ह्यावरून इथे वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. त्या दबावामुळेच २०१९ पासून कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या हद्दीत ग्लायफोसेट हे तणनाशक बंद केलं. बुरशीनाशकांचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण हा भाग दमट आहे आणि पाऊस भरपूर. मला विचाराल तर ६० कोटी बाटल्यांची भूक आणि सुंदर टेकडी ह्या दोन गोष्टी फार काळ एकत्र नांदणार नाहीत. रोझे प्रोसेकोला २०२० मध्ये परवानगी दिली तेव्हा खप आणखी वाढवणं हाच हेतू होता, गुलाबी प्रोसेकोची कुठली जुनी परंपरा नव्हती. तुमचा हा मुद्दा मी कापणार नाही.

माढ्याचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातून लिहितोय. इटलीचा विषय निघालाय आणि अकलूजचं नाव कुणी घेत नाही म्हणजे काय!

आमच्याकडं अकलूजच्या बाजूला फ्रातेल्लीच्या बागा हायत. इटलीच्या तोस्कानातले सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी मिळून उभी केलेली कंपनी. नावही त्यावरूनच, फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. वाइन करणारे पिएरो मासी तिकडचेच. सांज्योव्हेसे हे तोस्कानाचं द्राक्ष माळशिरसच्या मातीत लावलं ह्या लोकांनी. आणि बुडबुडेवाली पण काढतात.

महाराष्ट्रात बुडबुडे त्याच्याही आधीचे. नारायणगावला शातो इंडाजनं १९८० च्या दशकात फ्रेंचांची मदत घेऊन बाटलीत आंबवलेली वाइन काढली, ओमर खय्याम नावानं ती परदेशात विकली जायची. पुढं २०१३ ला फ्रेंचांची शांदोंही नाशिकला दिंडोरीत आली.

आमच्याकडची अडचण हवामानाची. बुडबुड्यांच्या वाइनला आंबटपणा लागतो आणि आपल्या उन्हात तो झरझर उतरतो. म्हणून ह्या वाइनची द्राक्षं बाकीच्यांच्या आधी, थंडीच्या रात्री असतानाच तोडतात. इटलीत सप्टेंबरात तोडणी, आपल्याकडं जानेवारीच्या आसपास. खाण्याच्या द्राक्षाला साखर चढावी म्हणून देव पाण्यात ठेवणारे आम्ही बागायतदार, वाइनवाला आला की म्हणतो, अजून आंबट आहेत तोवर तोडा. आमच्या वडलांना ते अजून पटलेलं नाही.

तिखटमीठ

पाव्हणं, मस्त! इटलीतली बाटली इकडे एवढी महाग का मिळते?

माढ्याचा_पाव्हणा

आयात शुल्क. वर्षानुवर्षं १५० टक्के होतं, वर राज्याचं उत्पादन शुल्क आलंच. तिकडं भाजीबरोबर पिशवीत टाकायची बाटली इकडं हॉटेलात चांदीच्या बादलीत येती. सांजवारा ताई मंगळवारची गोष्ट सांगत्यात, ती म्हणूनच इकडच्या लोकांना पटत नाही.

ब्रेशावाली

चांदीच्या बादलीवर +१.

गोड वाइनबद्दल कुणीच लिहिलं नाही. पुण्यातल्या माझ्या मावशीला फक्त तीच आवडते, म्हणून विचारतेय.

किण्वन_काका

मावशींची निवड चांगली आहे. पिएमोंते प्रांतातल्या आस्ती आणि कानेल्लीच्या टेकड्यांवरचं मोस्कातो बियांको द्राक्ष. कार्लो गांचा फ्रान्समध्ये शिकून आला आणि त्यानं १८६५ मध्ये कानेल्लीला ह्याच द्राक्षाची फसफसणारी वाइन केली. इटलीतल्या स्पुमांतेची सुरुवात तीच धरतात. गावाखाली खडक कोरून केलेली प्रचंड तळघरं आहेत, त्यांना जमिनीखालची कॅथेड्रल म्हणतात. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

आस्तीची पद्धत आणखी वेगळी. इथे दुसरं किण्वन नसतंच. द्राक्षाचा रस शून्याच्या आसपास गार करून ठेवतात आणि लागेल तसा टाकीत आंबवतात. हवा तेवढा अल्कोहोल झाला की एकदम थंड करून, यीस्ट गाळून थांबवायचं. उरलेली गोडी द्राक्षाचीच, वरून घातलेली नाही. मोस्कातो द'आस्तीत अल्कोहोल जेमतेम पाच टक्के, बुडबुडे सौम्य. आस्ती स्पुमांते त्याहून जास्त फेसाळ आणि थोडी चढी.

नाताळात पानेत्तोने हा केक कापताना इटलीभर ही उघडतात. अलीकडे भारी दिसावं म्हणून केकबरोबर ब्रुत देतात, आणि ते वाईट लागतं. केकच्या गोडीपुढे ब्रुत लिंबाच्या सालीसारखी कडू वाटते. गोडाबरोबर वाइन किमान तेवढी गोड हवी. ३१ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कोतेकीनो (डुकराच्या मांसाचं उकडलेलं सॉसेज) आणि मसूर खातात. मसूर म्हणजे नाणी, नव्या वर्षात पैसा येऊ दे म्हणून. त्याच्यासोबत मात्र मोदेना_मुक्काम ह्यांची लांब्रुस्को.

तिखट खाणाऱ्यांनाही मोस्कातो द'आस्ती सोयीची. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं, ह्यात तो कमी आणि गोडी आहे. कोरडी ब्रुत झणझणीत रश्श्यासोबत अजिबात देऊ नका. भजी, कोथिंबीर वडी, तळलेली सुरमई असेल तर ब्रुत.

तिखटमीठ

काका, दंडवत. शेवटचा प्रश्न सांजवाराला. मे महिन्यात आम्ही व्हेनिसला येतोय. एक दिवस त्या टेकड्यांसाठी काढला तर जमेल का? गाडी चालवायची नाहीये, उघड कारणासाठी.

सांजवारा

जमेल. व्हेनिसहून उदिनेकडे जाणारी गाडी पकडा, कोनेल्यानो त्याच मार्गावर आहे, साधारण तासाभरात पोचाल. किल्ल्यावर चढून टेकड्या बघा. तिथून वाल्दोब्बियादेनेपर्यंत वाइनचा रस्ता आहे, १९६६ पासूनचा, इटलीतला पहिला. बस असते पण फेऱ्या कमी, रविवारी त्याहून कमी, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा किंवा चौघांत टॅक्सी करा. उत्पादकांकडे फोन करूनच जा, तोडणी नसली तरी घरची माणसं बागेत असतात.

कार्तित्सेच्या उतारावर एक खानावळ आहे, ओस्तेरिया सेन्झ'ओस्ते. तिथे वाढायला कुणी नसतं. पाव, सोप्रेस्सा सलामी, चीज, वाइन आपण घ्यायची, पैसे ठेवायचे. हल्ली गर्दी असते, म्हणून दुपारी बाराच्या आत पोचा. तिथे बाटली घेताना लेबलवर रीव्हे हा शब्द आणि गावाचं नाव दिसलं तर ती उचला. ती एकाच गावच्या उतारावरची, एकाच वर्षाची आणि हातानं तोडलेली असते. सुपरमार्केटच्या प्रोसेकोपेक्षा थोडी महाग पडेल. फरक तुम्हीच इथे येऊन लिहा.

अडाणी_रसिक

आणि कोल फोंदो मिळाली तर माझ्यासाठी एक. गढूळ चालेल.